ऑर्लनने केलेली बंदूक

वेंडल हॉस्किन्सला मोठ्या गोळीची रायफल हवी होती, यात गैर काहीच नव्हतं. अलास्काच्या त्या किनाऱ्यावर थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह मापाची रायफल खांद्याला असेल तर माणूस अस्वलांच्या वाटेवर जरा ताठ मानेने चालतो. गैर झालं ते पुढे. स्कूलबस चालवणाऱ्याला परवडेल अशी रायफल दोनच रस्त्यांनी मिळते. एक तर दुकानातली साधीसुधी विकत घ्यायची, नाहीतर जुन्या लष्करी माउझर रायफलचा सांगाडा स्वस्तात उचलून त्याच्यावर नवी नळी आणि नवा दस्ता चढवून घ्यायचा. गावात हे दुसरं काम करणारा एकच माणूस होता, ऑर्लन थॉर्सन, आणि तो वेंडलचा शिकारीतला जुना जोडीदार. त्यामुळे निवड करण्यासारखं खरं तर काही उरलंच नव्हतं.

"दुकानातली बंदूक म्हणजे भाड्याचा कोट," ऑर्लन म्हणाला. "अंगात जातो, पण तुझा नसतो. मी तुझ्या खांद्याच्या मापाने करतो. चल, तो जाड कोट चढव."

"ऑर्लन, जुलै महिना चाललाय."

"मग मूस काय तू बनियनवर मारणार आहेस?"

मूस म्हणजे तिकडचं घोड्याएवढं हरीण, त्याची शिकार थंडीतली. वेंडल कोट घालून घामाघूम होत उभा राहिला आणि म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यापासून बोटापर्यंतचं अंतर दोनदा मोजलं. ऑर्लनची बायको गेल्याला दोन हिवाळे झाले होते. गुडघ्यांनी त्याची शिकार कधीच सोडवली होती, डोळ्यांवर जाड भिंगं आली होती. त्या दिवशी मात्र तो शीळ घालत होता. ही शीळ ऐकून वेंडलला बरं वाटलं, आणि पुढे जे जे झालं त्यात तीच त्याला सगळ्यात जास्त छळत राहिली.

झालं असं की ऑगस्टमध्ये जोनीची, म्हणजे वेंडलच्या बायकोची, दाढ काढायला दोघं अँकरेजला गेले. ती दवाखान्यात, हा शेजारच्या शिकारसामानाच्या दुकानात. तिथे मांडणीतली एक थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह होती. गंज न धरणारं पोलाद, काळा प्लास्टिकचा दस्ता, त्यावर एक ओरखडा, आणि त्या ओरखड्यापायी निम्म्या किमतीवर आलेली. वेंडलने ती खांद्याला लावून पाहिली. शिकारीचा मोसम तोंडावर आला होता आणि ऑर्लनचं अजून दस्त्याला पॉलिशच चाललं होतं. जोनी गाल धरून बाहेर आली तेव्हा बंदूक गाडीत मागच्या सीटवर होती.

"ऑर्लनला काय सांगणार?" तिने सुजलेल्या तोंडाने विचारलं.

"सांगेन काहीतरी."

त्याने काहीच सांगितलं नाही. बंदूक गॅरेजमध्ये मोठ्या फ्रीझरमागे ठेवली, आणि ऑर्लनची गाडी दिसली की गॅरेजचं दार ओढून घ्यायला लागला. "बाई ठेवल्यासारखा वागतोयस," जोनी म्हणाली. "आणि बाईसुद्धा प्लास्टिकची."

ऑर्लनची बंदूक मोसम सुरू होता होता हातात आली. अक्रोडाचा दस्ता असा होता की वेंडल बराच वेळ नुसता त्यावरून हात फिरवत बसला. दोघांनी ती गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत नेली, टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून एकेक काडतूस भरून चालवली, आणि तिन्ही गोळ्या एका कपात मावतील इतक्या जवळ पडल्या. ऑर्लन लहान पोरासारखा हसला. टेबलाशी बसून नेम बघताना सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, लावायची आणि काढायची कोणाला आठवण होते? दोघांनाही झाली नाही.

शिकारीला जायच्या पहाटे पाऊस लागला होता. वेंडल दोन बंदुकांसमोर उभा राहिला. अक्रोड भिजेल, त्याने स्वतःला सांगितलं. हिची अजून सवय नाही, हेही सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की दुकानातली हाताला बसली होती आणि नवी सवय लावून घ्यायचा आळस आला होता. त्याने काळी उचलली. चौथ्या दिवशी नदीकाठच्या झुडपातून घोड्याहून उंच नर मूस बाहेर आला आणि एका गोळीत कोसळला.

वेंडल परत आला तेव्हा ऑर्लन अंगणात, मांस टांगायला हात लावू म्हणून येऊन बसलेला. "कशी चालली?" त्याने विचारलं. वेंडल गाडीतून उतरेपर्यंतही तो थांबला नाही.

"लोण्यासारखी," वेंडलच्या तोंडून गेलं. काळी बंदूक सीटखाली, ताडपत्रीत गुंडाळलेली होती.

मग म्हाताऱ्याने हात पुढे केला. आपण केलेल्या प्रत्येक बंदुकीच्या पहिल्या शिकारीची रिकामी पुंगळी तो मागून घ्यायचा आणि कामाच्या टेबलावरच्या खिडकीत ओळीने मांडायचा. वेंडलच्या खिशात पुंगळी होती, पण ती काळ्या बंदुकीची. त्याच जातीचं काडतूस, त्याच कंपनीचं. त्याने ती दिली. ऑर्लनने चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्याशी धरली, उजेडाकडे फिरवली आणि शर्टच्या खिशात टाकली. "छान," तो म्हणाला. मग मांस उतरवायला लागला.

खोटं एकदा बोललं की त्याला रोज चारा घालावा लागतो. गावच्या खानावळीत ऑर्लनसमोर कोणी विचारलं की वेंडल मूसची गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी बंदूक जरा जास्तच चांगली व्हायची. ऑर्लन कॉफी ढवळत ऐकायचा. एके दिवशी ती गोष्ट टेस मॅकेव्हरने ऐकली. पंचविशीची पोरगी, खाडीपलीकडे एकटीच जाळी लावून सॅमन माशांची मासेमारी करायची, आणि तिच्या तंबूभोवती दर उन्हाळ्यात अस्वलं फिरायची.

"दुकानातली घेऊ की ऑर्लनकडून करून घेऊ?" तिने वेंडललाच विचारलं. "खरं सांगा हं."

समोर ऑर्लन बसला होता. "करून घे," वेंडल म्हणाला. "डोळे मिटून."

टेसने तिथेच ऑर्लनला काम सांगितलं. हिवाळाभर वेंडलची अक्रोडाची ती बंदूक भिंतीवर टांगलेली राहिली आणि वेंडल जेवताना तिच्याकडे पाठ करून बसायला लागला. बर्फ वितळल्यावर त्याने ठरवलं, निदान ही बंदूक वापरायला तरी लागू, म्हणजे खोटं निम्मं तरी खरं होईल. तो एकटा खडीच्या खाणीत गेला. आत काडतूस, सेफ्टी लावलेली, नळी खाली. टेबलाकडे चालता चालता त्याने अंगठ्याने सेफ्टी काढली, आणि बंदूक उडाली.

चापाला बोटही लागलं नव्हतं. बुटासमोर वीतभर अंतरावर खडीत खड्डा पडला होता. वेंडल खाली बसला. मग त्याने पुंगळी काढून टाकली आणि रिकाम्या बंदुकीवर तेच पुन्हा करून पाहिलं. सेफ्टी लाव, काढ. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा आत खट् झालं, काडतुसावर आपटणारी पिन आपोआप सुटली. चाप हलका व्हावा म्हणून ऑर्लनने आतलं पोलाद घासलं होतं, आणि ते जास्त घासलं गेलं होतं. पूर्वीच्या ऑर्लनला ते दिसलं असतं.

आणि तरी तो गप्प राहिला. हे कुठल्या तोंडाने सांगायचं? बंदूक बिघडलेली आहे म्हटलं, तर मूस कशाने मारला हा प्रश्न दारात उभा. वरून म्हाताऱ्याला तोंडावर सांगायचं की तुझे डोळे गेले. टेसची बंदूक कुठे इतक्यात होते, रविवारी बोलू, असं म्हणत त्याने दिवस ढकलले. शुक्रवारी पोस्टात टेस भेटली.

"मिळाली हो बंदूक काल!" ती म्हणाली. "काय देखणी केलीय. उद्या भरतीला निघते पलीकडे."

वेंडल पोस्टातून थेट ऑर्लनच्या शेडवर गेला. दारातच, टोपी न काढता, सगळं ओकला. दुकान, फ्रीझर, मूस, खडीची खाण. ऑर्लनने हातातली कानस खाली ठेवली.

"मूस माझ्या बंदुकीने मारला नाहीस ते मला त्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "पुंगळीच्या बुडाला पिनचा ठसा असतो, दर बंदुकीचा वेगळा. तो माझ्या बंदुकीचा नव्हता."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माझ्या कामात काहीतरी खोट दिसली, म्हणून तू ती नेली नाहीस. विचारायची हिंमत झाली नाही." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मग तू टेसला म्हणालास, डोळे मिटून करून घे. मी म्हटलं, चला. खोट दिसली असती तर वेंडल त्या पोरीला असं सांगेल का? तुझ्या त्या शब्दावर मी तिची बंदूक केली रे."

वेंडलला वाटलं, याने आता ती कानस उचलून फेकून मारावी. ऑर्लनने फक्त कोट उचलला. "गाडी काढ," तो म्हणाला.

टेस बोटीत सामान भरत होती. ऑर्लनने तिची बंदूक मागून घेतली, रिकामी आहे ना ते बोट घालून पाहिलं आणि सेफ्टी लावून काढली. काही नाही. पुन्हा. काही नाही. वेंडल मनातल्या मनात देवाला विनवत होता. पाचव्यांदा खट् आवाज आला.

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिने ऑर्लनकडे नाही, वेंडलकडे पाहिलं. "पण तुम्ही हिच्यासारखीच वापरली होती ना? मूस मारला होतात ना?"

"नाही," वेंडल म्हणाला. "मी दुकानातून घेतली होती. त्या बंदुकीने मारला."

"मी तर तुमचं ऐकून..." तिने बोटीत ठेवलेल्या आपल्या उशीकडे पाहिलं. रात्री बंदूक तिथेच, डोक्याशी ठेवायची होती.

"पैसे संध्याकाळी परत देतो," ऑर्लन तिला म्हणाला. "अँकरेजला जाऊन दुकानातली घे. भरती काय, पुढच्या आठवड्यातही येते." मग त्याने बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, काढून आपल्या खिशात टाकला, म्हणजे ती बंदूक आता कोणालाच चालवता येणार नव्हती.

वेंडलने गाडी परत गावाकडे वळवली. शिव्या घाल, वेंडल मनात म्हणत होता, एक तरी घाल. ऑर्लन खिडकीबाहेर बघत होता.

"तुझी ती काळी," शेवटी त्याने विचारलं, "तिची सेफ्टी नीट आहे ना?"

"आहे."

"मग तीच वापर," म्हातारा म्हणाला. "नाहीतर मला काळजी लागून राहिली असती."