सख्खा बाप चालणार नाही

टेलरमास्तरांना पंच्याहत्तरीत भाव आला. कांद्याला येतो तसा, एकाएकी, आणि त्यात कांद्याची काही कर्तबगारी नसताना.

त्याआधी मास्तर थोरल्या लेकीकडे राहत. थोरली कोपऱ्यावरच्या टपरीत लोकांचे कपडे इस्त्री करायची. नवरा कधीच पसार झालेला, पदरात दोन पोरी. खोली एकच, त्यामुळे रात्री एकाने कूस बदलली की चौघांना बदलावी लागे. मास्तरांचा धाकटा मुलगा जुन्या गाड्यांचा दलाल. त्याचं घर ऐसपैस, पण त्यातली एकही खोली बापाच्या मापाची नव्हती. "बाबा, तुम्हाला जिना झेपायचा नाही," म्हणायचा. इमारतीला लिफ्ट होती, पण ती बहुधा फक्त वर जाणाऱ्यांसाठी असावी.

मग नगरपालिकेने योजना काढली. ज्या घरात सत्तरीपुढचं माणूस असेल, त्या घराला दरमहा भत्ता. तोही चिरीमिरी नव्हे, चांगला घसघशीत. झालं! अख्ख्या शहराला म्हाताऱ्यांचा उमाळा आला. जे बाप जिन्याखाली खोकत पडले होते, ते सोफ्यावर जाऊन बसले. बागेतल्या बाकांवरून म्हातारे चोरीला जाऊ लागले. एका डुलकी लागलेल्या गृहस्थाला तर दोन कुटुंबांनी एकेक हात धरून असं ओढलं, की त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा चार बोटं लांब झाला. त्याच्या सदऱ्याचं माप खुद्द मास्तरांनी घेतलं होतं, तेव्हा हे खोटं म्हणायची सोय नाही.

गाणारे, नाचणारे, लिहिणारे काय, वारा येईल तशी पाठ फिरवणारी माणसं. टीव्हीवर सासऱ्याला उपाशी ठेवणारी सून दोन भागांत सुधारली आणि त्याचे पाय चेपू लागली. बापाच्या सुरकुत्यांवरचं एक गाणं दुकानादुकानांत वाजायला लागलं. कॉलेजातली पोरं केस पांढरे करून, कंबरेत वाकून फिरू लागली, आणि पोरी त्यांच्यावर भाळूही लागल्या.

अशा दिवसांत एका सकाळी धाकटा मऊ चपलांचा जोड घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला.

"बाबा, चला. तुमची खोली रंगवून घेतलीय."

"आणि जिना रे?" थोरलीने विचारलं.

"अगं ताई, लिफ्ट आहे की!"

मास्तरांनी चपला पायात घालून पाहिल्या. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या माणसाला आज कुणीतरी बिनचूक मापाची वस्तू आणली होती. मग त्यांनी घासाघीस सुरू केली. वेगळा पलंग, वेगळा टीव्ही, झोपताना ग्लासभर दूध. धाकटा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला.

थोरलीच्या हातात गरम इस्त्री होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, भत्त्याच्या जोरावर मी दुसरं टेबल लावलंय. बाई ठेवलीय हाताखाली."

"तुझं काय, तुझं वय आहे अजून," मास्तर म्हणाले. "माझं किती राहिलंय? चार दिवस मऊ गादीवर झोपू दे की."

ते गेले, त्यांच्यामागे भत्ता गेला. थोरलीने हाताखालची बाई काढली आणि मोठ्या पोरीला शाळेतून काढून टेबलामागे उभं केलं. मास्तरांना हे कळलं होतं. पण टीव्हीचा आवाज जरा मोठा केला की कळलेलं बरंच काही ऐकू येईनासं होतं.

आता पालिकेत एक अर्थतज्ज्ञ होता. लोक त्याला टक्केवारी म्हणत. लग्नाआधी त्याने बायकोला विचारलं होतं, "मी तुला किती टक्के आवडतो?" ती म्हणाली, "चाळीस." तो म्हणाला, "ठीक आहे, पास झालो." तर या टक्केवारीने सभेत उभं राहून सांगितलं, "सख्खा बाप लोक फुकटही सांभाळतातच. जे फुकट मिळतं त्याचे पैसे मोजणारी पालिका म्हणजे शुद्ध गाढव. इथून पुढे भत्ता फक्त परका म्हातारा सांभाळणाऱ्याला."

हुशार माणसाच्या तोंडून आलेला मूर्खपणा लोकांना चटकन पटतो. टाळ्यांच्या गजरात ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी शहरभर बापांची अदलाबदल सुरू झाली. तू माझा ने, मी तुझा नेतो. टीव्हीवरचा सासरा पायरीवरून घसरून वारला, आणि सून एका अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बायका म्हणाल्या, आता कुठे मालिकेत जीव आला.

धाकट्याने शेजारच्या इमारतीतला एक ठार बहिरा म्हातारा आणून रंगवलेल्या खोलीत बसवला आणि मास्तरांची पिशवी लिफ्टमध्ये ठेवली.

"अरे, मी तुझा बाप!"

"म्हणून तर, बाबा. तुम्ही घरचेच. घरच्यांशी कसला उपचार?"

मास्तर पिशवी काखोटीला मारून थोरलीच्या टपरीवर आले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, निदान बसायला तरी सांगितलं असतं. ती कॉलरवर पाणी शिंपडत म्हणाली, "तुम्हाला ठेवलं तर काही मिळत नाही, बाबा. परका ठेवला तर पोरगी परत शाळेत जाईल."

मोठी नात बाजूला उभी होती. तिच्या मनगटावर भाजल्याचा ताजा डाग होता. मास्तरांनी नजर वळवली.

"मग मी परका होतो," ते म्हणाले. "तुझं आडनाव वेगळं, माझं वेगळं. कुणाला कळतंय?"

थोरलीची इस्त्री थांबली. "तपासणी असते," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात नंबर लावते. पण बाबा, तयारी करा हं."

"बाप नाही म्हणायला कसली तयारी लागते?" मास्तर हसले. नंबर येईपर्यंत ते टपरीच्या फळीखाली झोपत राहिले, आणि कसलीही तयारी त्यांनी केली नाही.

तपासणी टक्केवारीच्याच डोक्यातून निघालेली. कागद खोटे करता येतात, चेहरा नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून कचेरीत एक जाडजूड कारकून बसवला होता. तो म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारायचा आणि सांभाळणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. तोंड जरा हललं, की सख्खा. तोंड कोरं राहिलं, की परका, आणि भत्ता मंजूर. दिवसभर मारून त्याचा तळवा पाटासारखा झाला होता, आणि मधल्या सुट्टीत तो त्याला कौतुकाने तेल चोळायचा.

रांगेत उभं असताना मास्तरांनी हिशेब मांडला. थोरलीचा चेहरा हलला नाही, तर पलंग नसला तरी घर मिळणार, नातीला शाळा मिळणार. तसंच व्हायला हवं होतं. पण मनातून त्यांना वाटत होतं, हलावा. थोडासा. कारकुनाला दिसणार नाही आणि आपल्याला दिसेल, एवढाच.

"काय नातं?" कारकुनाने विचारलं.

"काही नाही," थोरली म्हणाली. "रस्त्यात भेटले."

फाडकन आवाज झाला. मास्तरांचा चष्मा टेबलाखाली गेला. डोळ्यांपुढे काजवे चमकत असतानाही त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा नुकती इस्त्री फिरवल्यासारखा सपाट होता. कारकुनाने आणखी एक दिली. थोरलीने जांभई दिली.

"वा!" कारकून म्हणाला. "इतकं परकं माणूस बऱ्याच दिवसांनी बघितलं."

जिंकलो, मास्तरांना वाटलं, आणि त्यांच्या छातीत काहीतरी उसवलं. ते चष्मा उचलायला वाकले.

"थांबा आजोबा. आता उलटी तपासणी. नवीन नियम आहे." असं म्हणून कारकुनाने तोच तेल चोळलेला तळवा थोरलीच्या गालावर ओढला.

"अगं माझ्या बाळा!"

मास्तर ओरडले, आणि नुसते ओरडले नाहीत, कारकुनाच्या मनगटाला दोन्ही हातांनी लोंबकळले. कारकुनाने त्यांना मांजराच्या पिलासारखं सोडवून खाली ठेवलं आणि अर्जावर शिक्का मारला. सख्खा.

बाहेर येऊन थोरली पायरीवर बसली. गालावर बोटं उमटली होती.

"लागलं का गं?" मास्तरांनी विचारलं.

"आठवडाभर आरशासमोर उभी राहत होते मी, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी मारतंय असं डोळ्यांपुढे आणायचं आणि पापणी हलू द्यायची नाही. हलली की परत पहिल्यापासून. पोरगी बघून बघून रडायची. आणि तुम्हाला एक थप्पड बघवली नाही?"



खालच्या पायरीवर एक बेकरीवाली आपल्या गोलमटोल बापाला घेऊन बसली होती. तिच्या अर्जावरही तोच शिक्का. दोघी बायकांची नजरानजर झाली. गिऱ्हाईक गिऱ्हाइकाला ओळखतं.

"कसे आहेत स्वभावाने?" बेकरीवालीने विचारलं.

"गरीब आहेत," थोरली म्हणाली. "सकाळी स्वतःचं अंथरूण स्वतः काढतात. तिखट चालत नाही, पण सांगणार नाहीत, डोळ्यांतून पाणी काढत खातील, तेव्हा तुम्हीच बघा. फाटलेलं काही दिसलं की न सांगता शिवून ठेवतात. झोपेत आईला हाक मारतात. उठवायचं नाही, नुसता पायावर हात ठेवायचा. थांबतात."

मास्तर ऐकत राहिले. जन्मात कुणी त्यांच्याबद्दल इतकं बोललं नव्हतं.

"आमचे जरा जास्त खातात," बेकरीवाली म्हणाली. "पण तब्येत दणकट. तुमचे वाळलेत. खोकला वगैरे?"

थोरलीने एकदाच बापाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

मास्तरांच्या घशात तेव्हाच खवखव उठली होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पाठ ताठ केली, आणि बेकरीवालीच्या मागोमाग रस्ता ओलांडून, गल्लीचं वळण मागे पडेपर्यंत त्यांनी ती दाबून धरली.