माळवदावरची बुजवलेली वाट

मित्रांनो, त्या हिवाळ्यात 'कट्' असा आवाज झाला, तेव्हा मला वाटलं, मीच मोडलो! अजूनही तो आठवला की माझा दांडा शहारतो. मी लाहौलमधल्या पलजोरच्या घरचं जुनं लाकडी फावडं. बर्फ लोटायचं.

मला पलजोरच्या वडिलांनी वाळुंजाच्या लाकडातून घडवलं. पातं रुंद आणि दांडा छातीला लागेल इतका लांब. म्हातारा पोराला सारखं बजावायचा, "अरे, बर्फ उचलायचा नसतो, ढकलायचा असतो. पाठ नको, गुडघे वाकव! कंबर नको फिरवू, पाय फिरव!" आमच्या घरांची माळवदं मातीची. बर्फ थांबला की वर चढायचं आणि तो कडेनं खाली लोटून द्यायचा. नाहीतर खालच्या तुळया कुरकुरायला लागतात.

याच माळवदांच्या कडेनं सरपणाची रास रचतात. जितकी रास उंच, तितकं घर भरलेलं, असं गाव मानतं. म्हाताऱ्यानं मात्र मागच्या बाजूला बर्फ लोटायला माझ्यासाठी राशीत एक वाट नेहमी मोकळी ठेवली होती. तो गेल्यावरही ती तशीच होती.

मग पलजोरच्या मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून निरोप आला, आणि या शहाण्यानं ती वाट सरपणानं बुजवून टाकली!

"बघ छिमे, आता कशी अखंड दिसते रास!" तो बायकोला म्हणाला.

"आणि बर्फ काय खिशात भरणार?"

"अगं, पाहुणे गेले की काढतो."

पाहुणे आले, रास बघून खूश झाले, लग्न ठरलं. पण पलजोरनं लाकडाला हात लावला नाही. थंडी नीट सुरूही झाली नाही आणि यांची रास उतरली, असं कोणी म्हटलं तर?

मग बर्फ पडला, ओला आणि जड. पलजोर मला घेऊन वर आला. सवयीनं ढकलायला गेला तर मी सरपणावर धाडकन आपटलो. तेव्हा त्यानं काय करावं? मला काठोकाठ भरून खांद्यापर्यंत उचललं आणि कंबरेला पीळ देऊन बर्फ राशीवरून पलीकडे भिरकावला. मी हादरलोच! परत तेच. अहो मालक, हे काय चालवलंय? पण लाकडाचं कोण ऐकतं?

शेजारच्या माळवदावरून अंगरूप ओरडला, "काय रे, बर्फ आभाळाला परत देतोयस का?"

"तू तुझं बघ!" म्हणत पलजोरनं मला पुन्हा उचललं.

आणि 'कट्'!

तो कोसळला. मी त्याच्या शेजारी पडलो, अगदी धडधाकट. मोडलो मी नव्हतो.

"छिमे... अगं, पाय हलत नाहीयेत गं!"

माझा तर विश्वासच बसेना. सकाळी शीळ घालत वर आलेला माणूस! दवाखान्याकडचा रस्ता बंद, बर्फ पुन्हा सुरू झालेला. छिमे वर आली, नवऱ्याकडे बघून पांढरीफटक पडली आणि दुसऱ्याच क्षणी बुजलेली वाट मोकळी करायला लाकडं उपसून खाली फेकू लागली.

"रास नको मोडूस... लोक काय म्हणतील!"

"लोक तुला उचलून खाली नेणार आहेत, ते बघ आधी!"

अंगरूप माणसं घेऊन धावला. पलजोरला फळीवर बांधून खाली नेलं. तिकडे छिमेनं मला धरलं आणि उघडलेल्या वाटेनं सगळा बर्फ लोटला.

बर्फ वितळला, रस्ता उघडला. पलजोर हळूहळू उठला, चालू लागला, पण पाठ काही सरळ झाली नाही. मुलीच्या लग्नात सगळे फेर धरून नाचत होते आणि गावातला सगळ्यात चांगला नाचणारा पलजोर भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होता. एवढ्याशा दिखाव्यासाठी हे व्हावं? मला अजून खरं वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे बर्फ पडत नसेल, पण पाण्यानं भरलेली बादली तर असेल. ती अंगाजवळ धरा, गुडघ्यांत वाका आणि वळायचं असेल तर पायांनी वळा. माझा दांडा मोडला तर वाळुंजाची फांदी मिळते हो, पाठीला नाही मिळत.

आता आमच्या राशीत दोन फावडी जातील एवढी वाट आहे. बर्फ पडला की छिमे मला घेऊन वर येते. खाली चुलीपाशी बसलेला पलजोर माझी सरसर ऐकतो आणि दर थोड्या वेळानं ओरडतो,

"छिमे, गुडघे!"

"वाकवलेत हो, वाकवलेत!" ती वरून सांगते.