न धुतलेला काटा

बाळासो मालकांच्या फाउंड्रीत वाळूच्या पट्ट्याखालचा वजनकाटा वर्षातून एकदाच तपासायचा, खंडेनवमीला. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद असायची. धुणंपुसणं, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, आणि त्यातच काट्याचंही उरकून घ्यायचं. असं का, हे विचारायची सोय नव्हती. मालकांनी ठरवलं होतं, विषय संपला.

उचगावच्या संघप्रियाला मात्र विचारायची खोड होती. डिप्लोमा करून ती नुकतीच इथं लागली होती, आणि नव्या माणसानं वर्षभर तोंड मिटून राहायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

लोखंड ओतायच्या साच्यांची वाळू पट्ट्यावरून मिक्सरकडे जायची. जाता जाता खालचा काटा तिचं वजन करायचा आणि तो आकडा बघून मिक्सरवरचा कामगार पिराजी त्यात माती आणि पाणी सोडायचा. दसऱ्यानंतर काही दिवस माल झकास निघायचा. मग कास्टिंगला भोकं पडायला लागायची, आणि उन्हाळ्यापर्यंत निम्मा माल भंगारात जायचा. वाळूत पाणी जास्त होतंय, म्हणजे पिराजीचा हात बिघडलाय, असा निकाल मालकांनी लावला होता. मंगळवारपासून येऊ नको, असं त्याला सांगूनही झालं होतं.

"आकडा बघूनच सोडतो, बाई," पिराजी म्हणाला. "पर आता माजाच माज्यावर इस्वास ऱ्हायला न्हाय."

हे ऐकून संघप्रियाचं डोकं फिरलं. अठरा वर्षं राबलेल्या माणसाला स्वतःचाच हात परका वाटायला लावणं हा कुठला न्याय?

सोमवारी कारखान्याला सुट्टी. रविवारी शेवटची पाळी सुटता सुटता तिनं मालकांना पट्ट्याजवळ बोलावून आणलं. वाळू बंद केली होती. पट्टा नुसता रिकामा उभा होता. खालच्या चौकटीवर ओल्या वाळूचे थर बसून पार दगड झाले होते. मालक येताहेत हे बघून पिराजी ब्रश घेऊन धावला.

"हात लावायचा न्हाय, पिराजीमामा!" ती आडवी उभी राहिली.

"अहो मॅडम, आदी स्वच्छ तर करू दे त्याला," मालक म्हणाले. "घाणीत कुठं काटा तपासत्यात व्हय?"

"घाणीतच वजन करतोय की रोज. मग घाणीतच तपासायचा."

"खंडेनवमीला तपासलाय आमी. शून्यावर हुता." मालकांचा आवाज चढला. "तुमच्यात पूजा नसती, म्हणून तुमाला त्यो दिवस खुपतोय."

आजूबाजूचे चारपाच कामगार एकदम जमिनीकडे बघायला लागले. संघप्रियाचा पाय मात्र मागं सरकला नाही.

"पूजा करा की. नारळ फोडा, मी पेढा खाईन. पण त्याला आंघोळ घालून, हार घालून मग तपासताय तुमी. पोरगी बघायला पावणं यायच्या दिवशी घर बघून रोजचं घर कळतंय व्हय?"

"नोकरी पायजे का न्हाय?"

"पायजे. म्हणूनच पट्टा चालू करतीय."

तिनं बटण दाबलं. रिकामा पट्टा खडखडत फिरला. वर वाळूचा कण नाही, आणि काटा मात्र खालच्या थरांनाच वाळू समजून आकडा दाखवत सुटला होता. नसलेल्या वाळूसाठी पिराजी इतके महिने इमानानं पाणी सोडत होता.

मालकांनी आकडा पाहिला, पट्टा पाहिला, वाकून खालचे थरही पाहिले.

"वर्षातनं दोनदा तपासू," शेवटी ते म्हणाले.

"दर रविवारी. न धुता."

"दर रविवारी? काय खूळ लागलंय का? म्हयन्याला करा."

"थर आठवड्यात बसतोय, मालक. लागोपाठ शून्य दाखवायला लागला की मीच म्हणीन, आता म्हयन्याला करू. तोवर दर रविवारी. आणि मंगळवारी पिराजीमामा कामावर येणार."

मालक निघून गेले. मंगळवारी पिराजी आला, आणि त्याला कुणी अडवलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला माळा तयार होत्या, निरांजन लागलं होतं. पिराजी बादली आणि ब्रश घेऊन काट्यापाशी उभा होता. संघप्रियानं दर रविवारसारखा न धुताच आधी रिकामा पट्टा चालू केला आणि आकडा शून्यावर आणायला स्क्रू फिरवत बसली; धुतल्यावर पुन्हा एकदा तपासायचा होताच. मालक हातात नारळ घेऊन ताटकळले.

"अरं पिराजी, धू की लौकर! मुहूर्त टळतोय."

संघप्रिया तोंड उघडणार तेवढ्यात पिराजीनं भरलेली बादली खाली ठेवली.

"टळू दे की, मालक," तो म्हणाला. "काटा अजून शून्यावर आल्याला न्हाय."