नेलिदाच्या जागेवर

"या स्प्रिंगा कापल्या कुणी रे?" गाडीखालून तिनोचा आवाज आला.

"तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

एल्विओ वाकून गाडीखाली बघू लागला. त्याची दोन दारांची तांबडी तोरिनो गाडी जॅकवर चढवलेली होती, चाकं काढून भिंतीला लावलेली. लग्नाआधी याच गॅरेजात, तिनोच्या बापाच्या गॅसकटरनं, त्यानंच चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून टाकला होता. गाडी जमिनीला चिकटून पळाली पाहिजे, अशी तेव्हा गावातल्या सगळ्या पोरांची समजूत. उंच उभी राहते ती दूधवाल्याची गाडी. वेढा कापला की गाडी खाली बसते, पण स्प्रिंगही दगडासारखी होते. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पाठी तरुण होत्या.

आता बायकोचं, नेलिदाचं, दुखणं हाडात उतरलं होतं. दर गुरुवारी तिला शहरातल्या इस्पितळात न्यावं लागे. डांबरी रस्ता लागेपर्यंतची कच्ची वाट धान्याच्या ट्रकांनी पन्हळी पत्र्यासारखी करून टाकलेली. मागच्या गुरुवारी ती वाटभर रुमाल दातांत धरून बसली होती. एल्विओनं विचारलं तर म्हणाली, "गाडी चांगली आहे रे. रस्ता वाईट."

नगरपालिकेची रुग्णवाहिका मिळत होती. पण नेलिदानं शेजारणीला सांगून टाकलं, "त्यात आडवं घालून नेतात. आडवी मी एकदाच जाणार आहे. तोवर नवऱ्याशेजारी बसून जाईन." विषय तिथंच संपला. तिला न दुखवता नेईल अशी गाडी करणं, एवढंच एल्विओच्या हातात उरलं.

तिनो गाडीखालून सरपटत बाहेर आला. बाकावर शॉकअपच्या जोड्या मांडून ठेवल्या होत्या.

"हे लाल शर्यतवाल्यांचे. यांच्याकडे बघूसुद्धा नकोस. हे काळे सगळ्यांत नरम. ते करडे मधले. स्प्रिंगा माझ्याकडे चार दारांच्या घरगुती तोरिनोच्या आहेत, पुऱ्या उंचीच्या. पण गाडी शहामृगासारखी उभी राहील बघ."

"राहू दे."

"नेलिदाचं वजन किती आता? स्प्रिंग वजनावर ठरते."

एल्विओचा जन्म सोसायटीच्या वजनकाट्यावर गेला होता. मक्याचा ट्रक वळणावर दिसला की तो आकडा सांगायचा. आता तो ‘माते’च्या, त्या कडू पाल्याच्या चहाच्या, भांड्यातली नळी ओढत राहिला. पाणी संपून नळी खरखरली तरी ओढत राहिला.

"सगळ्यांत नरम घाल," तो म्हणाला.

रविवारी संध्याकाळी, गावाच्या रिवाजाप्रमाणे, सगळ्या गाड्या चौकाभोवती सावकाश फेऱ्या मारत होत्या. एल्विओही निघाला. क्लबाबाहेर टेबलं टाकून बसलेल्यांना तेवढंच हवं होतं.

"एल्विओ, दोन लिटर टाक रे इकडं."

"साय आहे का बघा आधी."

"भांडं घेऊन या," एल्विओ म्हणाला आणि पुढं गेला. त्याला वाईट वाटलं नाही. गाडी कापसावरून चालल्यासारखी चालत होती.

गुरुवारी डांबरी रस्त्याला लागल्यावर नेलिदानं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं गाडी बाजूला घेतली. दार उघडून ती ओकली. पोटात औषधांशिवाय काही नव्हतंच.

"होडीत बसल्यासारखं होतंय," ती म्हणाली. "एका खड्ड्यासाठी किती वेळ हलते ही."

"मला तर काही जाणवलं नाही."

"तुला कसं जाणवेल? स्टिअरिंग तुझ्या हातात. पुढं काय येणार ते तुझ्या अंगाला आधी कळतं." तिनं तोंड पुसलं. "तू माझ्या जागेवर बसलायस कधी?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ते त्याला जास्त लागलं.

या भागातला माणूस एक वेळ ट्रॅक्टर देईल, घोडा देईल, पण गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात देणार नाही. एल्विओनं ती मुलालाही दिली नव्हती. काम झाल्यावर गाडी चालवून बघतानासुद्धा तिनो शेजारी बसायचा आणि गाडी एल्विओच चालवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात जाऊन त्यानं किल्ली तिनोपुढं धरली.

"तू चालव."

तिनोनं हात पुसले. मग पुन्हा पुसले. "ताप आहे का तुला?"

"चालव म्हणतो ना."

एल्विओ नेलिदाच्या जागेवर बसला. दाराच्या मुठीवरचं कातडं झिजून आतला पत्रा दिसत होता. पायाखालच्या चटईला एका जागी भोक पडलं होतं. ब्रेक नसलेल्या ठिकाणी ती टाच दाबत आली होती, किती वर्षं कोण जाणे. हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

पन्हळी वाट सुरू झाली. त्यानं डोळे मिटले, तिच्यासारखे हात मांडीवर ठेवले. हादरा कंबरेतून आत शिरायचा, जिरायच्या आत दुसरा यायचा आणि अंग डोलतच राहायचं.

"सावकाश रे."

"तुझीच चाल आहे ही," तिनो म्हणाला. "तुझ्या शेजारी बसूनच शिकलोय."

परत आल्यावर त्यांनी स्प्रिंगा तशाच ठेवल्या आणि काळे काढून करडे शॉकअप घातले.

"आता नट गाडी चाकांवर उभी करून आवळायचे," तिनो म्हणाला. "बसणाऱ्याचं वजन आत पाहिजे, नाहीतर सांध्यातलं रबर पिळलेलं राहतं. तिला घेऊन ये."

"तिला कशाला दगदग?"

एल्विओनं समोरच्या बेकरीतून पिठाचं पोतं आणलं, तिच्या सीटवर ठेवलं आणि खाली वाकून गाडी किती बसली ते बघितलं. मग पोत्याचं तोंड सोडून तो डबड्यानं पीठ बादलीत काढू लागला.

"पुरे की आता," तिनो म्हणाला.

"नाही. अजून."

तो काढत राहिला. पोतं मध्येच मोडून सीटला टेकलं, तेव्हा थांबला.

"एवढं," तो म्हणाला.

तिनोनं पोत्याकडं पाहिलं आणि पाना घेऊन तो गाडीखाली गेला. एकेक नट तो सावकाश आवळत गेला.

पुढच्या गुरुवारी जाताना नेलिदा बोलत होती: बहिणीच्या सुनेबद्दल, महागलेल्या पिठाबद्दल. कच्च्या वाटेवर ती मध्येच गप्प झाली नाही. गाडीबद्दल ती काही म्हणाली नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

येताना तिला झोप लागली. घरी रात्रीसुद्धा तिला झोप नव्हती. मान त्याच्या बाजूला कलली होती आणि हात मांडीवर उताणे, सैल पडले होते.

गाव आलं. दुपारची वेळ, सगळ्यांची दारं लावलेली. घर दिसलं तसा त्यानं वेग कमी केला, मग ब्रेकवरचा पाय हळूच उचलला. गाडी दारावरून पुढं गेली. धान्याचं उंच कोठार मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना मका सुरू झाला.

"पोचलो का?" नेलिदानं डोळे न उघडता विचारलं.

"अजून नाही," एल्विओ म्हणाला. "नीज तू."