दांडीची चीर

करमाडच्या फाट्याला लागून बद्रीनाथ मिस्त्रीचं ट्रॉल्या दुरुस्तीचं शेड होतं. पंचवीस वर्षं वेल्डिंगच्या उजेडाकडं उघड्या डोळ्यांनी बघून बघून त्याची नजर गेली. शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, पान्हे हातात घेतले. बाईमाणूस जॅक लावती म्हणून पहिल्या साली लोक बघायला थांबायचे. दुसऱ्या साली तेच लोक ट्रॉल्या घेऊन यायला लागले.

दसरा झाला, कापूस फुटला, की शेडपुढं ट्रॉल्यांची रांग लागायची. चाक उचलायचं, हब उघडायचं, बेअरिंग डिझेलात धुऊन नवं ग्रीस भरायचं, नट कसायचे, टायरची हवा बघायची. हे सगळं सारजाबाई करायची. शेवटी बद्रीनाथ हातोडी घेऊन चाचपडत ट्रॉलीभोवती फिरायचा आणि सांध्यासांध्यावर ठोके टाकायचा. पक्का सांधा खणकन वाजायचा. तडा गेलेला फुटक्या मडक्यावानी बोलायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या त्या दुपारी काकासाहेबांची ट्रॉली आली होती. काकासाहेब शेजारच्या गावचे मोठे बागाईतदार. त्यांच्या शब्दावर गावातल्या वीस ट्रॉल्या सारजाबाईच्या शेडला यायच्या.

चाकं झाली. बद्रीनाथ पुढं आला, ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीवर त्यानं ठोका टाकला. थांबला. पुन्हा टाकला.

"सारजा, इथला रंग खरवड."

तिनं रंग खरवडला. दांडी ट्रॉलीला जिथं जोडलेली होती, तिथं खालच्या अंगाला केसासारखी चीर होती.

"काकासाहेब, ही वेल्डिंग करावी लागंल," ती म्हणाली. "पण लाइट नाय. सांजच्याला येईल."

काकासाहेबांनी आभाळाकडं पाहिलं. ढग भरून आले होते आणि रानात कापूस लोंबत होता. "उद्या पहाटंच वेचणी काढायची हाय. हप्त्यानं आणतो की."

"त्यात माणसं बसवू नका मग."

"नाय वं. बाया पायी येतील. कापूस तेवढा आणायचा."

ते पाणी प्यायला हौदाकडं गेले, तसा बद्रीनाथ हळूच म्हणाला, "हूकची पिन काढून ठिव. राहू दे ट्रॉली इथंच."

सारजाबाईनं पिनेकडं पाहिलं. वीस ट्रॉल्या तिच्या डोळ्यांपुढनं गेल्या. मोठ्या माणसानं शब्द दिलाय, आपण कोण आडवं येणार, असं तिनं स्वतःला समजावलं. ट्रॉली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला बातमी आली. नाल्यापलीकडच्या चढावर दांडी तुटली. ट्रॅक्टर वर राहिला, अन् ट्रॉली मागं घरंगळत येऊन नाल्यात उलटी झाली. आत सतरा बाया होत्या. तिघी जागीच गेल्या. त्यातली एक सरूबाई, सारजाबाईच्याच गल्लीतली, साळूबाईची एकुलती लेक.

सारजाबाई चुलीपुढं बसली होती. ती तशीच बसून राहिली. भाकरी तव्यावर जळाली, धूर झाला, तरी तिला उलथता आली नाही.

दुपारी काकासाहेब आले. डोळे लाल, सदऱ्याला चिखल लागलेला. त्यांनीच बायांना नाल्यातून ओढून काढलं होतं.

"पाऊस यील म्हणून बसवल्या मी," ते म्हणाले. "तेवढ्यासाठीच." मग आवाज उतरवला. "पोलीस इचारतील. ट्रॉली चांगली व्हती म्हणा. खड्ड्यानं घात केला म्हणू आपण. तुमचंबी भलं, माझंबी. गेलेल्या काय माघारी येतात?"

काकासाहेब गेले.

"काय करू वं?" सारजाबाईनं नवऱ्याला विचारलं.

"मला नगं इचारू," बद्रीनाथ म्हणाला. "चीर तू बघितली. म्या निसती आयकली."

ती पदर खोचून उठली आणि एकटीच ठाण्यात गेली. जमादारानं तिचं सगळं ऐकून घेतलं. तिनं पाहिलेली चीर, काकासाहेबांचा शब्द, सगळं लिहून घेतलं. मग लेखणी थांबवून त्यानं विचारलं, "माहीत होतं, तर ट्रॉली जाऊ का दिली?"

"भ्याले."

"कशाला?"

"धंदा जाईल म्हणून."

जमादारानं तेही लिहिलं. तिनं खाली अंगठा उठवला. अंगठ्याच्या रेघांत ग्रीस मुरलेलं होतं, ठसा नीट उमटेना, म्हणून दोनदा उठवावा लागला.

तेराव्यानंतर साळूबाई शेडवर आली. सारजाबाई एका हबात ग्रीस भरत होती. साळूबाई तिच्यासमोर मातीतच बसली.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"माझी सरू त्यात बसणार, हे?"

"ते नव्हतं ठावं." सारजाबाईला खोटं बोलवेना. "पण कुनीतरी बसंल, हे ठावं व्हतं."

साळूबाई खाली बघत राहिली. "केवढी व्हती चीर?"

सारजाबाईनं काळं झालेलं बोट पुढं केलं आणि अंगठ्यानं त्यावर दोन पेरं दाखवली. साळूबाईनं ते बोट हातात धरून निरखून पाहिलं, जणू चीर तिथंच होती.

"एवढीच?" ती म्हणाली, आणि उठून गेली. पुढं ठेवलेलं पाणी तिनं घेतलं नाही.

खटला शहरातल्या कोर्टात सात वर्षं चालला. पहिले सहा महिने सारजाबाईचं नावही आरोपींत होतं, मग तिला साक्षीदार केलं. काकासाहेबांना शिक्षा झाली, त्यांनी अपील केलं आणि जामिनावर घरी आले. त्यांच्या गावच्या ट्रॉल्या दुसऱ्या मिस्त्रीकडं गेल्या. निकालाआधीच बद्रीनाथ वारला. त्यानंतर ठोके टाकायचं कामही सारजाबाईच करायची, पण त्याच्यासारखा कान तिला कधी आला नाही. म्हणून ती प्रत्येक दांडीचा रंग आधी खरवडायची. लोक वैतागायचे.

तारखेला ती न चुकता जायची. साळूबाईही यायची. संध्याकाळी दोघी एकाच एस्टीनं करमाडला परतायच्या, वेगवेगळ्या बाकांवर बसून.