त्रेसष्ट नंबरची पट्टी

टिटवी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि त्या दिवशी एक आजोबा डोळे तपासायला येणार होते. मी त्यांच्यापुढे भिंगं बदलत राहिले, "हे बरं की ते बरं?" विचारत राहिले, आणि त्यांनी दर वेळी "दोन्ही सारखीच" म्हणून माझा अंत पाहिला. संध्याकाळी घरी जाऊन जेवले. झोपही लागली. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि आपलाच गाल परका वाटायला लागतो, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. रडू येईल म्हणून मी वाट बघत होते. ते काही आलं नाही.

टिटवी म्हणजे माझी बोर्डिंगातली खालची खाट. बोर्डिंगात राहिलेल्यांना एवढं पुरे, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या शाळेत कुठकुठल्या देशांतली मुलं होती. कुणाचे वडील वकिलातीत, कुणाचे जहाजांच्या कंपनीत. त्यांच्या बदल्या व्हायच्या आणि मुलं शाळेत ठेवून ते पुढं जायचे. शिष्यवृत्तीवर आलेल्या आम्ही दोघीच. लोखंडी दुमजली खाटेवर मी वर, ती खाली. ती दिवसभर बोलायची म्हणून टिटवी, मी तोंड उघडत नव्हते म्हणून घुमी. ही नावं पहिल्याच आठवड्यात चिकटली ती कायमची.

दिवे मालवले की मात्र टिटवी उशीत तोंड खुपसून रडायची. तिला घर हवं असायचं. मला समजावता येत नव्हतं, म्हणून मी वरून हात खाली सोडायचे आणि ती तो धरून ठेवायची. हाताला मुंग्या यायच्या. काढून घेतला की हुंदके वाढायचे, मग परत सोडायचे. पहिलं वर्ष असंच गेलं.

नावापेक्षा तिथं नंबर महत्त्वाचा. सगळ्यांचे कपडे एकत्र धुतले जायचे, म्हणून प्रत्येकाच्या कॉलरीत, मोज्यात, अगदी रुमालातसुद्धा नंबराची कापडी पट्टी शिवलेली असायची. टिटवी त्रेसष्ट, मी चौसष्ट. झोपायच्या आधी मेट्रनबाई नंबर पुकारून हजेरी घ्यायच्या. कुणी आजारी म्हणून दुसरीकडे झोपलं असेल, तर खाटेच्या जोडीदारानं उभं राहून "गैरहजर" म्हणायचं. बाई विचारायच्या, "कुठे?" आणि जोडीदारानं ठिकाण सांगायचं.

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात ही हजेरी अजून होते. साठीतले बुवासुद्धा नंबर ऐकून ताडकन उभे राहतात. फरक एवढाच, की मेळाव्यात "गैरहजर" म्हणायचं नाही. जो वारला असेल त्याच्या वतीनं जोडीदारानं "हजर" म्हणायचं. हे कुणी ठरवलं ते ठाऊक नाही, पण आजवर कुणी मोडलेलं नाही. मग तो नंबर मोकळा होतो आणि शिष्यवृत्तीवर येणाऱ्या नव्या मुलाला मिळतो. पट्टी जोडीदारानं स्वतःच्या हातानं द्यायची.

टिटवी गेल्याचं कळल्यावर आमच्या वर्गातल्या ढोलचा फोन आला. हा शाळेत असताना कुजबुजला तरी तीन खोल्या जाग्या व्हायच्या, आता तो हॉटेलं चालवतो आणि माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष आहे.

"घुमे, आपण तिच्या नावानं शिष्यवृत्ती काढायची," तो म्हणाला. "आणि पहिली कुणाला द्यायची हे काय विचारायचंय? तिच्या पोरीला!"

मी "बरं" म्हणाले आणि कामाला लागले. एरवी मला शेजारी मीठ मागायचंही जिवावर येतं. पण काहीच वाटत नसलं की मागणं फार सोपं असतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी जगाच्या पाठीवर पांगलेल्या वर्गमित्रांना वर्गणीसाठी फोन लावायचे. टिटवीनं वर्षानुवर्षं सगळ्यांचे मेळावे भरवले होते, रुसलेल्यांना ओढून आणलं होतं, त्यामुळे नाही कुणीच म्हणालं नाही. काही जण फोनवरच रडले. मी थांबायचे, आणि त्यांचं झालं की पुढचं विचारायचे. सगळे म्हणाले, घुमी किती खंबीर! मला हसूही आलं नाही.

टिटवीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, बस चालवतात. त्यांच्या पाळ्या बदलत्या. मी सांगायला गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच चहा पीत होते, ओट्यावर भांड्यांचा ढीग होता.

"ताई, तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. "मी पहाटेच्या पाळीला गेलो की पोर एकटी उठते, एकटी डबा भरते. तिच्या आईला आपली शाळा फार प्यारी होती. पोरीलाही हेच हवं असणार."

त्यांची मुलगी, छोटी, टेबलाशी बसून गृहपाठ करत होती. तेराव्या वर्षीही तिला छोटीच म्हणतात. मी विचारलं, "काय गं, जायचं ना आईच्या शाळेत?"

"चालेल," ती वहीतून मान न काढता म्हणाली.

आम्हा दोघांनाही ते पुरलं.

मेळाव्याच्या दिवशी भाऊजींनी कुणाची तरी गाडी मागून आणली. वाटभर ते शाळेचं कौतुक करत होते, आणि तेही सगळं ऐकीव. छोटी मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. शाळेत पोचल्यावर भाऊजींना ढोलनं ताब्यात घेतलं, प्रत्येकाशी ओळख करून द्यायची म्हणून फरफटत नेलं. मी छोटीला घेऊन गणवेशाच्या खोलीत गेले. ती खोली अजून तशीच आहे. इस्त्रीचा आणि साबणाचा वास, भिंतभर फळ्या, त्यांवर घड्या घातलेले स्वेटर.

मी तिच्या अंगाला कोट लावून बघितला. बाह्या लांब होत्या.

"वाढत्या अंगाचा घेऊ," मी म्हणाले. "वर्षभरात बरोबर होईल."

"मावशी, इथून घरी कधी जाता येतं?"

"सुट्टीत."

"मधे नाही?"

"मधे नाही. आम्ही नाही का राहिलो?"

ती बाह्या ओढून हाताची बोटं झाकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला नाही राहायचं इथं. पण बाबाला सांगू नकोस. मी घरात असले की त्याला आई आठवते. तो मला बघून बाहेर जाऊन उभा राहतो. मी इथं आले तर त्याला बरं वाटेल."

यावर शहाण्या माणसानं काहीतरी बोलायला हवं होतं. मी कोटाची बाही दुमडली, टाचणी लावली, दुसरी बाही दुमडली. घुमी ती घुमीच. बाहेर जेवणाची घंटा झाली आणि आम्ही निघालो. त्रेसष्ट नंबरची पट्टी माझ्या पर्समध्ये होती. टिटवीच्या जुन्या रुमालावरून मीच ती उसवून आणली होती.

जेवणाच्या दालनात लांबलचक टेबलं मांडली होती. माझ्या एका बाजूला ढोल, दुसऱ्या बाजूला छोटी, तिच्यापलीकडे भाऊजी. सूप आलं, गेलं. ढोलनं भाषण ठोकलं. तो टिटवीबद्दल बोलला, तिच्या आवाजाबद्दल, तिनं एकदा गच्चीवरून मुलांच्या वसतिगृहावर पाण्याची बादली ओतली त्याबद्दल. लोक हसले, डोळे पुसले. "आणि आज तिची लेक तिच्याच खाटेवर झोपायला येते आहे," तो म्हणाला. टाळ्यांनी दालन दणाणलं. छोटी बशीकडे बघत होती. भाऊजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. तिच्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं. तो हात मी पाहिला. छोटी सांगत होती ते हेच.

मग हजेरी. मेट्रनबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. काठी टेकत उभ्या राहिल्या, पण आवाजाला अजून तीच धार. नंबर पुकारत गेल्या आणि खुर्च्या सरकत गेल्या. हजर. हजर. एका टकल्यानं आपल्या गेलेल्या जोडीदारासाठी "हजर" म्हटलं आणि छातीवर हात ठेवला. माझ्या हातात पट्टी होती. बाकीचे त्या क्षणी काय काय सोसत असतील याचा मी विचार करत होते, आणि मला आपलं काहीच होत नव्हतं.

"त्रेसष्ट."

मी उभी राहिले. तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांशी होता. टेबलाखालून छोटीच्या हातानं माझ्या साडीचा काठ पकडला. ओढलाही नाही, नुसता पकडला. खालच्या खाटेवरून टिटवी माझा हात पकडायची तसा.

"त्रेसष्ट," बाई पुन्हा म्हणाल्या.

"घुमे, बोल की," ढोल पुटपुटला, म्हणजे मागच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.

"गैरहजर," मी म्हणाले.

ढोलनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर मेळाव्यात शिवी हासडली होती. मेट्रनबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कसली आठवण झाली कुणास ठाऊक, पण इतक्या वर्षांची सवय जिभेवर होती.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

आणि मला सांगावं लागलं. "ती गेली, बाई. टिटवी मेली."

हे वाक्य मी तोवर कुणापाशीच बोलले नव्हते. फोनवर मी "आपली टिटवी आपल्यात नाही" वगैरे म्हणायचे, ढोलचेच शब्द. आता ते बाहेर पडलं. नाक गळायला लागलं, हातात रुमालही नव्हता. होती ती पट्टी. सगळ्यांसमोर मी अशी भेसूर रडले, की शाळेत मला कधी रडताना न पाहिलेली माणसं घाबरून उठून उभी राहिली.

बाई काठी आपटत माझ्यापाशी आल्या. "बस," म्हणाल्या. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा गप्प झाले असते.

"पट्टी मी देणार नाही," मी म्हणाले. "छोटीला इथं राहायचं नाही. तिला घरी राहायचंय. टिटवी इथं वर्षभर रडली, मला माहितीये, तिचा हात माझ्या हातात होता. तिला तर घरी आईबाप दोघं होते."

"अगं पण शिष्यवृत्ती…" ढोल म्हणाला.

"ज्या पोराला यायचंय त्याला द्या. नंबर चौसष्ट द्या, माझा द्या, मी काय तो घेऊन वर जाणार आहे?"

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं. भाऊजी उठले होते. ते छोटीकडे बघत होते, आज पहिल्यांदा सरळ तिच्याकडे.

"मला वाटलं तुला यायचंय," ते म्हणाले. "तू चालेल म्हणालीस."

"मला वाटलं तुला मी नकोय घरात," छोटी म्हणाली.

भाऊजींनी खुर्ची मागे ढकलली आणि नेहमीसारखे बाहेर जातील असं मला वाटलं. छोटीलाही वाटलं असणार, कारण तिनं मान खाली घातली. पण ते तिच्या खुर्चीशी खाली बसले, एवढा धिप्पाड माणूस, आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

"पाळी बदलून मागतो," ते म्हणाले. "दिवसाची मागतो. कसंही करतो."

ढोलनं डोळे पुसले आणि सर्वांना पुडिंग वाढायला सांगितलं. त्याला दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. मेट्रनबाईंनी पुढचा नंबर पुकारला, चौसष्ट, आणि मी रडतच "हजर" म्हणाले.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. कोटाच्या बाहीतल्या टाचण्या मी काढायला विसरले होते, तेवढं सांगितलं.

परतीच्या वाटेवर भाऊजी शाळेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. उद्या डब्याला काय करायचं, यावर त्यांचं आणि छोटीचं बरंच चाललं. मग मागच्या सीटवरून नाक ओढल्याचा आवाज यायला लागला, आधी हळू, मग न आवरता. भाऊजींनी गाडी थांबवू का म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं.

मी पुढच्या सीटवर होते. हात दोन सीटांच्या फटीतून मागे सोडला. छोटीनं तो धरला आणि गाल त्यावर ठेवला. पट्टी आमच्या दोघींच्या तळव्यांमधे होती. घर यायला बराच वेळ होता. हळूहळू माझ्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, मग मनगटाला, मग पार खांद्यापर्यंत. मी हात काढून घेतला नाही.