लहरीबाबाची लाट

सिंधीपुऱ्यातल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर झिरझिरीत पांढरा पडदा टांगला होता आणि त्यावर खरोखर लाटा हलत होत्या. ना प्रोजेक्टर, ना पाणी! आपण चाललो की लाटाही चालत.

"देखो! तापीमैया कपड्यात उतरली!" लहरीबाबा गरजले. "ज्याला लहर दिसली, त्याची शुगर बह गई समझो. सुया फेका, गोळ्या फेका!"

लहर सगळ्यांनाच दिसत होती. त्यामुळे एकाच संध्याकाळी निम्मा मोहल्ला बरा झाला.

रंभाबाईही बऱ्या झाल्या. येताना त्यांनी मावा जिलेबी आणली आणि इन्सुलिन कचऱ्यात टाकलं. त्यांची सून तृप्ती लालबागच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने खूप विनवलं. "तू पुस्तकात वाचतेस, मी डोळ्यांनी पाहिलं," सासूबाईंनी तिचं तोंड बंद केलं.

दोन-तीन दिवसांतच त्यांना ओट्यापाशी घेरी आली. डॉक्टर रागावले, सुई पुन्हा सुरू झाली. अंथरुणावर पडल्यापडल्या रंभाबाई पुटपुटल्या, "माझीच श्रद्धा कमी पडली." ते ऐकून मात्र तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या हिंडूफिरू लागल्या, तेव्हाची गोष्ट. तृप्ती धुतलेली मच्छरदाणी दोरीवर वाळत घालत होती. दोन पदर एकामागे एक आले आणि तिचा हात थबकला.

"आई, लवकर या! तापीमैया आपल्या दोरीवर आलीये."

रंभाबाईंनी मान इकडे नेली, तिकडे नेली. लाटा सरकल्या. तृप्तीने एक पदर उचलला. नुसती जाळी! सोडला, पुन्हा लाटा.

"धाग्यामागे धागा आला की फटी मोकळ्या राहतात, तिथे उजळ दिसतं. फटीमागे धागा आला की अंधारतं. आपण हललो की हे पट्टे पळतात."

रंभाबाईंनी स्वतः पदर उचलून, सोडून पाहिला. मग म्हणाल्या, "ओटीचं सामान काढ."

संध्याकाळी बाबांच्या सभेत त्या थेट मंचावर चढल्या. "बाबाजी, मैयाची ओटी भरते." नारळ ठेवला आणि पुढचा पडदा सर्रकन बाजूला केला. मागे तसलाच दुसरा पडदा. लाटा गायब!

"पापी हात लागला! मैया रूठ गई!" बाबा ओरडले.

रंभाबाईंनी पडदा सोडला. लाटा हजर.

"लगेच मान पण गई?" त्यांनी विचारलं. कार्यालय हसून लोटपोट झालं. बाबा मागच्या दाराने सटकले.

या लाटांना इंग्रजीत 'म्वारे' म्हणतात, तृप्तीने घरी सांगितलं. शब्द फ्रेंचांकडून आला. आधी ते लाटांची झाक असलेल्या कापडाचं नाव होतं. जाणकार त्याचं मूळ अरबी 'मुखय्यर'मध्ये शोधतात, म्हणजे निवडलेलं, पसंतीचं कापड. आपला कचेरीतला 'मुखत्यार' त्याच कुळातला: ज्याला निवडीचा हक्क आहे तो.

म्हणून एवढंच सांगणं: डोळे फसतात, त्यात लाज नाही. चमत्कार दिसला तर जरूर बघा, पण पडद्यामागेही बघा, आणि औषध डॉक्टरांनाच विचारा. आपल्या अकलेचं मुखत्यारपत्र कुणा बाबाच्या नावे करू नका.